उट्रेख्तची पाण्यातली प्रदक्षिणा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कालवा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नाव येत नाही, पाटकरी येतो. सायकल, खांद्यावर टॉवेल आणि दरवाजाची किल्ली. पाटबंधारे खात्यात मी ३४ वर्षं काढली. कालवा म्हणजे आवर्तन, चारी, रात्री दोन वाजता फुटलेला भराव आणि शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचलं का हा न सुटणारा प्रश्न. कालव्यात कोणी उतरलेलं दिसलं, तर ती एक तर म्हैस असायची नाहीतर पाण्याची चोरी करणारा कोणी. त्यामुळे २०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघं हॉलंडला लेकीकडे गेलो आणि ती म्हणाली, "बाबा, शनिवारी सगळे कालव्यात बोटीनं फिरायला जाऊ", तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, पेन्शनीत काढायला एवढी एकच गोष्ट राहिली होती.

लेक राहते ते गाव उट्रेख्त. शेवटचा 'ख' घशातून काढायचा, खाकरल्यासारखा. आठवडाभर प्रयत्न केला तरी आमच्या सात वर्षांच्या नातवानं मला पास केलं नाही. कालव्यांचं शहर म्हणून आपल्याकडचे प्रवासी ॲमस्टरडॅमला जातात, फोटो काढतात आणि परत फिरतात. उट्रेख्त तिथून आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आत येतं, पण सहलीच्या कार्यक्रमात सहसा नसतं. खरं तर पाण्याशी माणसांनी काय काय केलं, हे बघायचं असेल तर या गावासारखं गाव नाही.

बोट भाड्यानं मिळते. विजेवर चालणारी, आवाज नाही, धूर नाही. १५ मीटरपेक्षा लहान आणि ताशी २० किलोमीटरपेक्षा हळू चालणाऱ्या बोटीला तिथं परवाना लागत नाही. जावयांनी सुकाणू हातात घेतलं. सौ.नं पोळीभाजीचा डबा मांडीवर घेतला. परदेशात गेलं म्हणून काय झालं, बोटीत बसायचं म्हणजे डबा हवाच. बोट देणाऱ्या मुलानं दोन मिनिटांत सगळं समजावलं. उजव्या बाजूनं चालवा, मोठ्या बोटीला वाट द्या, पुलाखाली उभे राहू नका. नातवाला बंडी चढवली आणि आम्ही निघालो, शहराच्या दक्षिण टोकाहून, पश्चिमेकडे.

शहराभोवती पाण्याचं एक कडं आहे. डच भाषेत त्याला 'सिंगेल' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कमरेचा पट्टा. आपल्या भाषेत सांगायचं तर किल्ल्याचा खंदक. पूर्ण फेरी साडेपाच-सहा किलोमीटरची. आत जुनं गाव आणि मध्ये डोमचा मनोरा, ११२ मीटर उंच, हॉलंडमधला सगळ्यात उंच चर्चचा मनोरा. कुठूनही दिसतो. सौ. थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "देऊळ उजव्या हाताला आहे. म्हणजे आपण प्रदक्षिणा बरोबर घालतोय."

तिच्या या एका वाक्यानं मला ते शहर समजलं. कसं, ते पुढे सांगतो. आधी हे पाणी तिथं आलं कुठून ते सांगायला हवं, कारण ते आपोआप आलेलं नाही.

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी ऱ्हाइन नदीचा एक मोठा प्रवाह इथून जात होता आणि ती रोमन साम्राज्याची सरहद्द होती. रोमनांनी काठावर ठाणं बांधलं. ते आज डोमच्या चौकाखाली जमिनीत आहे. नदीच्या आधारानं गाव वाढलं, व्यापार वाढला. मग ११२२ साल उजाडलं. त्या एका सालात दोन गोष्टी घडल्या. सम्राटानं गावाला शहराचे हक्क दिले, म्हणजे तट आणि खंदक घेण्याची मोकळीक मिळाली. आणि वरच्या अंगाला, वाइक बाय ड्यूरस्टेड या गावी, ऱ्हाइनला बांध घालण्यात आला. हेतू सरळ होता. खालच्या दलदलीची जमीन पुरापासून सोडवायची आणि लागवडीखाली आणायची. पण बांध पडला आणि उट्रेख्तची नदी आटली. व्यापारी गावाचा रस्ताच बंद झाला म्हणा ना.

आता असं झालं तर आपण काय करतो? निवेदन देतो. त्या लोकांनी खोदायला घेतलं. दक्षिणेला दुसऱ्या नदीपर्यंत कालवा काढला, उत्तरेला वेख्त नदीशी जोडणी केली आणि गावातून वळणावळणानं जाणारा 'आउडेग्राख्त' म्हणजे जुना कालवा हा या दोन टोकांमधला हमरस्ता झाला. जी ऱ्हाइन उरली, तिला आज 'क्रोमे ऱ्हाइन' म्हणतात. वाकडी ऱ्हाइन. एक शांत, बारीक नदी. आग्नेयेकडून ती शहराच्या कड्यात पाणी आणून सोडते आणि उत्तरेकडून ते वेख्तमध्ये उतरतं. एका टोकाला आवक, दुसऱ्या टोकाला दरवाजे, मधली पातळी स्थिर. मी मनातल्या मनात त्या कधीच न पाहिलेल्या शाखा अभियंत्याला नमस्कार केला. पातळी स्थिर ठेवणं दिसत नाही, म्हणून त्याचं कोणी कौतुकही करत नाही. पण त्यावर किती गोष्टी उभ्या असतात ते मी जाणतो.

आमची बोट चालण्याच्या वेगानं चालली होती. काठावर गवत, बाकं, पाण्यावर झुकलेली झाडं. एकोणिसाव्या शतकात तटाचा उपयोग संपला, तेव्हा शहरानं तो पाडायला घेतला आणि झोखर नावाच्या उद्यानरचनाकारानं त्या जागी पाण्याकाठची लांबलचक बाग आखली. बुरुजांचे कोन मात्र राहिले. बोट चालवताना एकाएकी वळण येतं, ते बुरुजाचं. लहान मुलं होड्या वल्हवत होती. एक आजीबाई फळीवर उभ्या राहून एकच वल्हं मारत आमच्या पुढे निघून गेल्या. माझ्याच वयाच्या असाव्यात. सौ.नं माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

थोडं पुढे गेल्यावर काठ बदलला. झाडं लहान झाली. दगडकाम नवं दिसायला लागलं. सवयीनं नजर सांध्यांकडे गेली. म्हटलं, हे काम आत्ताचं आहे. लेक म्हणाली, "बाबा, हे बरोबर ओळखलंत. तुम्ही आत्ता हायवेवरून चाललाय."

गंमत नव्हती ती. १९५८ साली फॉइष्टिंगर नावाच्या जर्मन वाहतूकतज्ज्ञानं शहराला सल्ला दिला की मोटारी वाढताहेत, तर हे पाण्याचं कडं बुजवा आणि त्यावरून गोल रस्ता काढा. त्या काळाचा विचार केला तर त्यात विशेष काही नव्हतं. युरोपभर तेच चाललं होतं. लोकांनी विरोध केला, बरंच भांडण झालं. शेवटी पूर्वेकडचा अर्धा भाग सरकारनं संरक्षित ठरवल्यामुळे वाचला. पश्चिमेचा भाग, ज्याला कातारायनेसिंगेल म्हणतात, तो वाचला नाही. पाणी काढलं गेलं आणि कालव्याच्याच खोलगट जागेत अनेक पदरी रस्ता बसवला गेला. बाजूला रेल्वे स्टेशनला जोडून होख कातारायने हा अवाढव्य बाजार उभा राहिला. त्याचं उद्घाटन १९७३ साली तेव्हाच्या राजकन्या बेआट्रिक्स यांच्या हस्ते झालं. गोल रस्ता तर पूर्ण झालाच नाही, कारण अर्ध्या वर्तुळात अजून पाणी होतं. म्हणजे रुंद हायवे शहराच्या पोटात शिरायचा आणि तिथंच अडकायचा.

आता सौ.च्या प्रदक्षिणेकडे येतो. ती म्हणाली, "मग म्हणजे महादेवाची झाली." शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. ते पाणी ओलांडायचं नाही. उट्रेख्तच्या नावा जवळजवळ पन्नास वर्षं तशाच अर्ध्यावरून मागे फिरत होत्या. फरक इतकाच, इथं अडवायला पाणी नव्हतं, डांबर होतं.

एवढ्यात बोट त्या बाजाराच्या खाली शिरली. वर दुकानं आणि स्टेशनकडे धावणारी माणसं, खाली आम्ही. गार अंधार, पाण्याचा आवाज छताला लागून परत येत होता. नातवानं हाक मारून बघितली. आणि तिथं, त्या अंधारात, मी आजवर घरात कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली.

१९८४ साली मी एका नगरपालिकेत प्रतिनियुक्तीवर होतो. वय २८. गावाच्या मधून ओढा जात होता, त्याच्यावर दोन लहान पूल. पावसाळ्यात पाणी, उन्हाळ्यात चिखल आणि डास. बाजारात गाड्या अडायच्या. ठराव झाला की ओढा पाइपात घाला, वर रस्ता आणि कडेनं गाळे काढा. नकाशा मी काढला. अंदाजपत्रक मी केलं. पाणलोट मोजला, जास्तीत जास्त पाऊस धरला, ह्यूम पाइपांच्या दोन रांगा बसवल्या. हिशेबात चूक नव्हती, आजही नाही. काम सुरू झालं त्या दिवशी ओढ्यावर कपडे धुणारे एक म्हातारे परीट माझ्याकडे आले. भांडायला नाही. त्यांनी विचारलं, "साहेब, माझा दगड कुठं ठेवू?" मी म्हटलं, ठेकेदाराला सांगतो, बाजूला ठेवील. दगड पुढे कुठं गेला, मी पाहिलं नाही.

अकरा वर्षांनी एका रात्री तिथं मुसळधार पाऊस झाला. माझी तेव्हा बदली झाली होती. पाइपांच्या तोंडाशी कचरा आणि झाडाच्या फांद्या अडकल्या आणि ओढा आपल्या जुन्या वाटेनं, म्हणजे रस्त्यावरून, बाजारात आला. माणूस कोणी गेलं नाही, हे नशीब. कापडवाल्यांचे तागेच्या तागे भिजले. मला ही बातमी वर्तमानपत्रात चार ओळींची वाचायला मिळाली. मी ती कापून ठेवली नाही.

बोट उजेडात आली. नातू सगळं ऐकत होता हे माझ्या ध्यानात नव्हतं. त्यानं विचारलं, "आजोबा, मग तुम्ही तो ओढा परत का नाही काढला?"

मी म्हटलं, "तिथं आता गाळे आहेत."

"इथं पण दुकानं होती," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला. त्यानं डब्यातला लाडू मागितला.

मोठ्यांसाठी विषय एवढा सोपा नव्हता. इथलं पाणी कसं परत आलं, ते जावयांनी सांगितलं आणि नंतर मी वाचूनही काढलं. त्यात चमत्कार काहीच नाही, चिकाटी आहे. स्टेशनचा परिसर नव्यानं बांधायचा विषय निघाला, तेव्हा २००२ साली शहरात सार्वमत घेतलं गेलं. लोकांपुढे दोन आराखडे होते. त्यांनी निवडला तो रस्ता काढून पाणी आणणारा. मत दिलं म्हणून लगेच पाणी आलं नाही. रस्ता उखडायलाच २०१० उजाडलं. गाडीतळ, पूल, नवे काठ, जमिनीखालच्या वाहिन्या या सगळ्याची उलथापालथ करत उत्तरेकडचा तुकडा २०१५ साली पाण्याखाली आला आणि शेवटचा १२ सप्टेंबर २०२० रोजी. मतदानापासून १८ वर्षं. ज्यांनी चाळिशीत मत दिलं, ते साठीच्या उंबरठ्यावर या कड्यात होडी घालू शकले. खर्च आणि वेळ धरला तर बुजवणं किती स्वस्त आणि उकरणं किती महाग, याचं इतकं स्पष्ट मोजमाप पुस्तक मी दुसरं पाहिलं नाही. पुढे २०२२ साली या कामाला युरोपमधल्या सार्वजनिक जागांसाठीचं एक मोठं पारितोषिक मिळालं.

उत्तर टोकाला पोचल्यावर नातवानं जावयांना बोट डावीकडे घ्यायला लावली. तिथं त्याचं लाडकं ठिकाण आहे, वेर्डस्लाउस. हे लॉक आहे. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली पाण्याची पेटी. शहरातलं पाणी वर, वेख्त नदीचं खाली. नाव पेटीत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी हळूहळू सारखं करायचं आणि पुढचा उघडायचा. नावेला जिना चढवण्यासारखंच. हे दरवाजे अजून हातानं फिरवतात. इथपर्यंत माझा विषय होता. पुढचा नातवाचा.

वसंत ऋतूत मासे अंडी घालायला खालच्या नदीतून वर येतात. पण त्या दिवसांत नावा कमी, म्हणून दरवाजे बंद. मासे दारापाशी ताटकळतात आणि पाणपक्ष्यांच्या तोंडी जातात. यावर इथल्या लोकांनी २०२१ पासून एक युक्ती काढली आहे. दरवाज्यापाशी पाण्यात कॅमेरा ठेवला आहे. त्याचं चित्र इंटरनेटवर घरबसल्या दिसतं. कोणाला मासा दिसला की त्यानं पडद्यावरचं बटण दाबायचं. माशांची दारावरची घंटाच ती, आणि तिचं नावही तेच आहे. पुरेशा घंटा झाल्या की रखवालदाराला कळतं आणि तो दरवाजा उघडतो. जगभरातून लोक ती घंटा वाजवतात. नातू शाळेत जाण्याआधी दहा मिनिटं हेच करत असे. मला आयुष्यभर 'साहेब, दरवाजा उघडा' म्हणणाऱ्या शेतकऱ्यांचे फोन आले. माशाच्या वतीनं फोन यावा आणि तो घेतला जावा, हे नवीन होतं.

तिथून पुढचा पूर्वेकडचा भाग हा न बुजलेला, जुना. मोठी झाडं, दाट सावली, पाण्यात बदकांची पिल्लं. जुना तुरुंग गेला, नाट्यगृह गेलं. पुढे एका बुरुजावर वेधशाळा लागते, सॉनेनबोर्ख. वाऱ्याचा नियम ज्यांच्या नावानं भूगोलात शिकवतात, ते बाइज बॅलट इथले. १८५४ साली त्यांनी डच हवामान संस्था काढली आणि ती पहिली कितीतरी वर्षं इथंच होती. याच गृहस्थानं १८४५ साली उट्रेख्तच्या रेल्वेमार्गावर धावत्या गाडीत तुतारीवाले बसवून, जवळ येणारा आवाज चढा आणि लांब जाणारा उतरता ऐकू येतो, हे तपासलं होतं. तुतारीवाल्यांना हे काय चाललंय ते कितपत कळलं असेल, कोण जाणे.

फेरी पूर्ण झाली. निघालो होतो त्याच जागी, मनोरा शेवटपर्यंत उजव्या हाताला. बोट परत केली आणि आउडेग्राख्तच्या काठानं चालत गेलो, कारण उट्रेख्तचं खरं वैशिष्ट्य तिथं आहे. या कालव्याला दोन मजले आहेत. वर रस्ता आणि घरं. खाली, पाण्यालगत, दगडी धक्का. आणि धक्क्यावरून सरळ रस्त्याच्या पोटात शिरणारी तळघरं, शेकड्यांनी. पूर्वी नदीचं पाणी वरखाली होत असे, तेव्हा असं काही करणं शक्य नव्हतं. बांध आणि दरवाज्यांमुळे पातळी खाली गेली, स्थिर झाली आणि त्यानंतर तेराव्या-चौदाव्या शतकांत व्यापाऱ्यांनी हे बांधत नेलं. पिंप नावेतून धक्क्यावर, धक्क्यावरून गडगडत तळघरात, तळघरातून घरात. वर हमाल नाही, बैलगाडी नाही. आता त्यांत खानावळी आणि कारागिरांच्या खोल्या आहेत. रस्त्याखाली सगळं पोकळ, म्हणून जड वाहनांवर बंधन. मग खानावळींना माल? १९९६ पासून तो पुन्हा नावेनंच येतो, आता विजेवरच्या.

धक्क्यावर कॉफी घेत बसलो. पाणी पायांपासून हातभर. सौ. म्हणाली, "पावसाळ्यात इथं काय होत असेल?" मी म्हटलं, "काही नाही. दरवाज्यावर माणूस आहे." आणि मग दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. पुण्यात नदीपात्रातल्या रस्त्यावरून मी वर्षानुवर्षं स्कूटर चालवली आहे आणि पाणी सोडल्याची बातमी आली की दुसऱ्या रस्त्यानं गेलो आहे. त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

परत आल्यावर मी ते गाव गाठलं, जिथला ओढा मी पाइपात घातला. प्रवास दीड तासाचा, पण चाळीस वर्षांत गेलो नव्हतो. गाळे आहेत, वर दुसरा मजला चढला आहे. पाइपांचं तोंड शोधायला वेळ लागला. प्लॅस्टिकनं निम्मं भरलं होतं. मी नगरपालिकेत जाऊन अर्ज दिला, तोंडाशी जाळी बसवावी आणि दर मे महिन्यात साफ करावी. सोबत जुना हिशेब जोडला. एका तरुण अभियंत्यानं तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "सर, हा नकाशा कोणाचा?" मी सांगितलं. जाळी बसली आहे. ओढा पाइपातच आहे.

आता मार्च आला की मी दुपारी जेवण झाल्यावर संगणकापुढे बसतो. उट्रेख्तला तेव्हा सकाळ असते. पडद्यावर हिरवट गढूळ पाणी दिसतं, तासन्‌तास काहीच नाही. सौ. विचारते, "किती वेळ हे बघणार?" एक दिवस एक लांबट आकृती सरकली. मी घाईघाईनं घंटा दाबली, चित्र टिपलं आणि नातवाला पाठवलं.

संध्याकाळी उत्तर आलं, "आजोबा, ते पान आहे."